मित्रमंडळींसह एका दिवसात लिंब, मेणवली आणि वाई : सहल ठरवण्यापूर्वी

पुण्याहून महाबळेश्वरकडे निघालेली बहुतेक वाहने वाई ओलांडून थेट पसरणी घाट चढतात. एका दिवसाची सहल आखणाऱ्या मित्रमंडळींनी त्या दिवशी घाट चढूच नये आणि खाली कृष्णाकाठीच थांबावे, असा आमचा आग्रह आहे. महाबळेश्वर त्याच दिवशी जोडल्यास वेळ गाडीत जातो आणि दोन्ही ठिकाणे अर्धवट पाहिली जातात.

सकाळी सहाच्या सुमारास निघून महामार्गाने प्रथम साताऱ्याच्या अलीकडील लिंब गावी जावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी बारा मोटांची विहीर निवांत पाहता येते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे 110 फूट खोल आहे. पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेल्यावर विहिरीतच बांधलेला छोटा महाल आणि त्याचे कोरीव खांब दिसतात. वर, बैलांच्या मोटा जेथे चालत, त्या जागाही अजून ओळखता येतात. विहिरीला पाणी असते, त्यामुळे पोहण्याचा किंवा कठड्यावर बसून छायाचित्रे काढण्याचा मोह कृपया टाळावा.

तेथून पाचवडमार्गे वाईला येऊन जेवण करावे आणि दुपारी जवळच्या मेणवलीस जावे. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा असल्यामुळे तो आतून पाहता येईल का, याची चौकशी आम्ही आदल्या दिवशी करतो. मात्र परवानगीची हमी देत नाही. वाड्यामागच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा न पाहता परतू नये. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चमधून मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक असून, तिच्यावरील बाल येशू आणि मेरीची आकृती जवळून पाहिल्यास ओळखू येते.

उन्हे कलताना वाईच्या गणपती घाटावर पोहोचावे. रास्ते घराण्याने 1762 साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कारण कृष्णेच्या पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, अशी ती योजना आहे. देवळात दर्शन घेऊन परत फिरणारे पुष्कळ असतात. आपण मात्र मागे वळसा घालून ही भिंत अवश्य पाहावी. मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावातून चालले, ते हेच वाई.

ही सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्वांत सुखाची होते. हिवाळ्यात वेगवेगळ्या घाटांवर कृष्णामाईचा उत्सवही भरतो. तेव्हा गर्दी असते, पण गाव खऱ्या अर्थाने भेटते. भर पावसाळ्यात घाट पाण्याखाली जाऊ शकतात, म्हणून त्या दिवसांतील नोंदणी आम्ही घेत नाही.

मित्रांच्या सहली बहुधा पैशांवरून नव्हे, तर आयत्या वेळी बदलणाऱ्या संख्येवरून विस्कटतात. म्हणून आपल्यापैकी एकाच व्यक्तीने आमच्याशी बोलावे, येणाऱ्यांची नक्की संख्या चार दिवस आधी कळवावी आणि गुडघ्यांचा त्रास असणारे कोणी असल्यास तेही सांगावे, कारण विहिरीच्या आणि घाटांच्या पायऱ्या उंच आहेत. गाडीचे भाडे, टोल व चालकाचा भत्ता आम्ही एकत्रित लेखी कळवतो. जेवणाचा खर्च त्यात धरलेला नसतो.