रोडक्या मक्याचा मान

पाऊस लागला की नागपूरच्या फुटाळा तलावावर भुट्टा ठरलेला. परवा मावशींनी लिंबू-तिखट चोळून दिलेल्या कणसात टोकाकडचे पाच-सहा दाणे भरलेच नव्हते. "पाणी लागलं असन जी त्याले," मावशी म्हणाल्या. असूही शकतं. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. झाडाच्या शेंड्यावरच्या तुऱ्यातला पराग त्या केसापर्यंत पोचला तर दाणा भरतो, नाहीतर जागा रिकामी. एका कणसातले दाणे एकाच आईचे, पण बाप वेगवेगळे असू शकतात!

संशोधकांना हा मोकळा कारभार चालत नाही. केस बाहेर यायच्या आधीच ते कणसावर कागदी पिशवी चढवतात, तुऱ्यावर दुसरी बांधतात आणि त्याच झाडाचा पराग त्याच्याच केसांवर झटकतात. असं सलग सहा-सात पिढ्या. प्रत्येक जनुक जोडीने असतं, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेलं. दर पिढीत या जोड्यांमधली तफावत निम्मी होत जाते. सातव्या पिढीपर्यंत ती एक टक्क्याच्याही आत येते. यातून तयार होतो तो इनब्रेड वाण. त्याची सगळी झाडं जणू जुळी भावंडं.

दिसायला मात्र ही झाडं रोडकी, कणसं बोटभर. शेतकरी बांधावरही लावणार नाही. पण 1908 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी दाखवून दिलं की, अशा दोन रोडक्या वाणांचा संकर केला तर पोरं दणकट निघतात. अमेरिकेतल्या आयोवाचा बी73 आणि मिसुरीचा एमओ17 ही त्यातली गाजलेली जोडी. बी73 चा जनुकसंच, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, 2009 मध्ये वाचून झाला. डीएनएची सुमारे 2.3 अब्ज अक्षरं, 32 हजारांवर जनुकं, आणि त्यातला जवळपास 85 टक्के भाग एका जागेवरून दुसऱ्या जागी 'उड्या मारणाऱ्या' डीएनएच्या तुकड्यांचा. हे तुकडे अमेरिकन शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यातच शोधले. लोकांना पटायला बराच वेळ लागला. नोबेल मिळालं ते 1983 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी.

आता जनुक असणं वेगळं आणि ते किती चालतं, हे वेगळं. तिखट सावजीतही असतं आणि घरच्या वरणातही. प्रश्न किती घातलं याचा. जनुक चालू झालं की त्याच्या आरएनए प्रती, म्हणजे पेशीला कामाचा निरोप देणाऱ्या नकला, निघतात. त्या मोजायच्या तर पानाचा तुकडा तोडल्याबरोबर उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा, तसाच गोठलेला खलात कुटायचा, तेही हातमोजे घालून. बोटांवरची विकरंसुद्धा (एन्झाइम्स) आरएनएचा फडशा पाडतात. नमुने सगळे एकाच वेळी घ्यावे लागतात, कारण सकाळी चालू असलेली काही जनुकं दुपारी थंडावतात. इथेच रोडक्या वाणाचं मोल कळतं. झाडं जनुकांनी सारखीच असल्यामुळे एक सावलीत आणि एक नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ठेवलं, तर प्रतींमध्ये पडलेला फरक उन्हाचा म्हणता येतो.

प्रती थोड्या वाढल्याने काय होतं, याचा माझा आवडता दाखला टीबी1 या जनुकाचा. मक्याचा मेक्सिकोतला पूर्वज, टिओसिंटे, हे झुडपासारखं फांद्याळ गवत. त्यात असाच एक उडता तुकडा टीबी1 पासून सुमारे साठ हजार अक्षरं दूर येऊन बसला आणि त्या जनुकाच्या प्रती साधारण दुप्पट झाल्या. फांद्या दबल्या, एक जाड खोड उरलं. साधारण 9 हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी अशीच झाडं निवडून ठेवली.

संकरात काय घडतं? बहुतेक जनुकं आई-बापांच्या मधल्या पातळीवर चालतात. पण काही जनुकं एकाच पालकात चालू असतात, आणि संकरात दोन्हीकडची अशी जनुकं एकत्र चालू होतात. दणकटपणाचं कारण एवढंच का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मात्र संकराचंच बी पुन्हा पेरलं की जोड्या फुटतात आणि शेतात उंच-बुटकी सगळीच झाडं दिसतात. जून उजाडला की बियाण्याच्या दुकानासमोर पाकिटासाठी रांग लागते ती म्हणूनच.