बर्फासाठी सेकंडहँड फोर-व्हील-ड्राइव्ह घेताना आधी गाडीखाली वाका

ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक लावला, तर ती साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच गाडीला ५० मीटरच्या आसपास लागतात, आणि गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर जवळजवळ १०० मीटर. गाडी टू-व्हील-ड्राइव्ह आहे की फोर-व्हील-ड्राइव्ह, याने या तिन्ही आकड्यांत काहीही बदल होत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबायला किती अंतर लागेल ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण ठरवतं.

मग फोर-व्हील-ड्राइव्हचा फायदा कुठे? जागेवरून निघताना आणि चढावर. इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरायचा तर ओढणाऱ्या चाकांवर वजन हवं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढे असतं, आणि चढावर त्यातलाही काही भाग मागे सरकतो. दाबलेल्या बर्फाचा घर्षणांक ०.२ धरून हिशेब केला, तर अशी गाडी ११-१२ टक्क्यांच्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवू लागते. चारही चाकं ओढत असतील तर तीच मर्यादा २० टक्क्यांपर्यंत जाते. तुमच्या वाटेवर चढ आहे किंवा तिथला बर्फ वेळेवर काढला जात नाही, तर हा फरक फार मोलाचा आहे. रस्ता सपाट आणि रोज साफ होणारा असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: त्याच पैशांत कमी चाललेली टू-व्हील-ड्राइव्ह आणि चार चांगले हिवाळी टायर घ्या. फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे एक जास्तीचा डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी), एक प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर दुसऱ्या एक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा), दोन जास्तीचे एक्सल शाफ्ट आणि एक ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) किंवा क्लच. जुन्या गाडीत यातलं काहीही बिघडू शकतं.

गाडी पाहायला निघण्याआधीच बजेटचा १५ ते २० टक्के भाग बाजूला काढा. तो टायर, बॅटरी आणि तेलांसाठी. सगळे पैसे गाडीतच घातले, तर पहिल्या बर्फात ती घासलेल्या टायरवर उभी असते.

टायर: चारही सारखेच का हवेत

तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असेल, तर तो टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेला असतो. नुसतं ‘एम अँड एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ती फक्त नक्षीच्या प्रकाराची नोंद. त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही. अनेक देशांत कायद्याला १.६ मिलिमीटर खोली चालते, पण बर्फात ४ मिलिमीटरच्या खाली टायरची पकड झपाट्याने घटते. बाजूवरच्या चार आकडी कोडमधले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुन्या हिवाळी टायरची नक्षी शाबूत दिसली तरी तो नव्याच्या भावाने धरू नका.

फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये आणखी एक गोष्ट कळीची आहे. समजा मागचे टायर नवे आहेत आणि पुढचे ३ मिलिमीटरने जास्त झिजलेत. परिघात साधारण १९ मिलिमीटरचा फरक पडला. २.१ मीटर परिघाच्या चाकाला हा फरक दर किलोमीटरला जवळपास चार फेऱ्यांचा होतो. म्हणजे गाडी सरळ रस्त्यावर चालली असली, तरी पुढच्या-मागच्या शाफ्टमधला जोड सतत घसरत राहतो आणि तापतो. सुबारूच्या गाड्यांसाठी चारही टायरच्या परिघातला फरक ६ मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगितलं जातं; नक्षीच्या खोलीत मोजलं तर हा जेमतेम १ मिलिमीटर होतो. म्हणून खोली मोजायचं साधन खिशात ठेवा आणि चारही टायर मोजा. दोन एका कंपनीचे, दोन दुसऱ्या, झीज वेगवेगळी, असं दिसलं तर प्रश्न नुसत्या टायरच्या खर्चाचा उरत नाही. त्या गाडीचा मधला जोड किती काळ तापत राहिला, हा खरा प्रश्न.

तीन प्रकार, तीन दुखणी

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. दोन्ही एक्सलमध्ये २.६ मीटर अंतर असेल आणि मागचा एक्सल ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल, तर पुढच्याची त्रिज्या ५.६ मीटर होते. पूर्ण फेरीत फरक ४ मीटरचा, म्हणजे चाकाच्या जवळपास दोन फेऱ्या. हा फरक कुठे जिरतो, यावरून फोर-व्हील-ड्राइव्हचे प्रकार पडतात.

पार्ट-टाइम प्रकारात, उदाहरणार्थ सुझुकी जिमनीत, तो कुठेच जिरत नाही. लिव्हर किंवा बटणाने पुढचा-मागचा शाफ्ट घट्ट जोडले जातात. बर्फावर चाकं थोडी घसरून फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि शेवटी काहीतरी तुटतं. या गाड्या साध्या, टिकाऊ आणि खोल बर्फात उत्तम. पण अर्धा रस्ता कोरडा आणि अर्धा गोठलेला असेल, तर चालवणाऱ्याला सारखं जोड-सोड करत बसावं लागतं. तपासणी मातीच्या किंवा खडीच्या जागेवरच करा: फोर-हाय (चारही चाकांची ओढ, नेहमीचे गिअर) आणि फोर-लो (चारही चाकांची ओढ, हळू पण जोरदार गिअर) दोन्ही लागतात का, दिवा लुकलुकत न राहता स्थिर होतो का, परत टू-व्हीलवर येताना अडतं का. १९९८ ते २०१८ या पिढीच्या जिमनीत पुढचे हब (चाकाला शाफ्टशी जोडणारे मधले भाग) निर्वात दाबावर जोडले जातात आणि त्यांची सीलं गळतात. दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत. दिव्यावर विसंबू नका. सैल खडीवर गाडी जोरात पुढे काढा आणि चाकं कोणती फिरतात ते बाहेरून कुणाला तरी बघायला सांगा.

फुल-टाइम प्रकारात मध्ये डिफरन्शियल असतो, बऱ्याचदा सोबत व्हिस्कस कपलिंग. हे कपलिंग म्हणजे सिलिकॉन द्रवात बुडालेल्या पातळ चकत्यांची बंद डबी. चकत्यांच्या वेगात फरक पडला की द्रव त्यांना एकमेकींबरोबर फिरायला लावतो. वर्षानुवर्षं तापून द्रव घट्ट होतो आणि डबी जवळपास कायमची जखडते. चाचणी सोपी आहे. गाडी १५-२० मिनिटं चालवून गरम करा, कोरड्या सपाट जागेवर स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि अॅक्सिलरेटर न देता हळू गोल फिरा. निरोगी गाडी सहज लोळते. जखडलेली गाडी कुणी मागून धरल्यासारखी थांबते किंवा टायर चिरकत पुढे जाते.

लँड रोव्हर फ्रीलँडरची पहिली पिढी याच दुखण्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढच्या-मागच्या एक्सलमधली व्हिस्कस डबी कडक होते आणि तिचा ताण पुढच्या महागड्या गिअरपेटीला खातो. दुखणं लपवायला काही विक्रेते मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्टच काढून ठेवतात. गाडी छान पळते, वळणावर तक्रार नाही, आणि खरं तर ती टू-व्हील-ड्राइव्ह झालेली असते. कोणतीही गाडी असो, खाली वाकून शाफ्ट जागेवर आहे का ते डोळ्यांनी बघा. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूत मागची ओढ बंद करायला फ्यूजची एक जागा असते. तिथे फ्यूज बसवलेला आहे का तेही तपासा.

तिसरा प्रकार ऑन-डिमांड. एरवी पुढची चाकं ओढतात, आणि घसरण जाणवली की संगणक चकत्यांचा क्लच दाबून मागच्यांना जोडतो. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीच्या लहान गाड्या आणि व्होल्वो यांत बहुतेक वेळा हाल्डेक्स क्लच असतो. तो तेलाच्या दाबावर चालतो. चकत्यांची झीज तेलात मिसळते, पाचव्या पिढीत पंपाची बारीक जाळी तिने तुंबते, पंप जळतो, आणि डॅशबोर्डवर दिवाही बऱ्याचदा लागत नाही. या तेलाची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नसेल, तर पंप काढून जाळी धुण्याचा खर्च किमतीतून कापून घ्या. पुढे ४०-५० हजार किलोमीटरपलीकडे ते काम टाळू नका. होंडा सीआर-व्हीच्या पहिल्या तीन पिढ्यांत मागच्या डिफरन्शियलमध्येच दोन पंपांची योजना आहे. वळताना मागून घोगरा आवाज आला तर घाबरू नका: बहुतेकदा तेल जुनं झालेलं असतं. मात्र त्यात होंडाचं नेमून दिलेलंच तेल लागतं. साधं गिअर ऑइल ओतलं की क्लच बिघडतो.

गंज

बजेटमधल्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू हाच, आणि इंजिनाच्या आवाजात हरवलेले लोक त्याच्याकडे सगळ्यात कमी बघतात. रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्यात विरघळून विजेचं चांगलं वाहक होतं आणि लोखंडाची रासायनिक झीज वाढवतं. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड तर हवेतलं बाष्प ओढून घेतात, त्यामुळे कोरड्या दिवशीही पत्रा ओलाच. ऊबदार गॅरेजमध्ये ठेवलेली गाडी वाचते असा समज आहे. मीठ न धुता ठेवली तर ती बाहेर गोठलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते, कारण उष्णतेत ही क्रिया वेगाने चालते.

गाडी लिफ्टवर किंवा भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. दारांखालच्या पट्ट्या, मागच्या सस्पेन्शनचे बिंदू, चासीचा मागचा भाग आणि इंधन टाकीच्या वरून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या, या क्रमाने बघा. पेचकसाच्या मुठीने चासीवर ठोका. खणखणीत आवाज चांगला, भद्द आवाज वाईट. तांबूस धूळ चालेल. पापुद्रे सुटत असतील तर पत्रा आतून गेलेला आहे. विक्रीच्या तोंडावर मारलेला ताजा काळा लेप दिसला की त्याखाली काय झाकलंय हे विचारा, आणि समाधान झालं नाही तर निघून या. ब्रँडचं नाव इथे वाचवत नाही. टोयोटाच्या टॅकोमा पिकअपचं इंजिन भरवशाचं, पण चासी गंजल्यामुळे कंपनीला अमेरिकेत कित्येक गाड्यांच्या चासी बदलून द्याव्या लागल्या.

थंड इंजिन

विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बोनेटला हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट हवेत, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. उणे १८ अंशांत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, म्हणून आज काठावर असलेली बॅटरी थंडीत नक्की दगा देते. डिझेल गाडीत ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला आतली हवा तापवणारे) तपासून घ्या. कूलंटचा गोठणबिंदू मोजायचं साधन स्वस्त मिळतं. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं, तेव्हा ‘जास्त घातलं की जास्त चांगलं’ हा हिशेब चुकीचा.

सुबारूच्या जुन्या २.५ लिटर पेट्रोल इंजिनात हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण यांच्यातलं सील) गळतं: इंजिनाच्या दोन्ही बाजूंना खालून तेल किंवा कूलंटचा ओलावा बघा. त्याच इंजिनाचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) बदलल्याचं बिल मागा, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पैसे मोजके असतील तर नोंदी नीट ठेवलेली सीआर-व्ही किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची टोयोटा रॅव्ह-फोर रोजच्या वापराला पुरते. खडा चढ आणि खोल बर्फ असेल तर मधला डिफरन्शियल लॉक होणारी, फोर-लो असलेली सुझुकी ग्रँड व्हिटारा. पण दोन लाख किलोमीटर चाललेली, गंज नसलेली आणि बिलांची फाइल असलेली गाडी एक लाख किलोमीटर चाललेल्या गंजलेल्या गाडीपेक्षा आम्ही केव्हाही आधी निवडू.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यातच दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल बदला. रिकामं करायच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे गिअर किंवा बेअरिंग गेलं. आणि हे काम स्वतः करणार असाल तर भरायचा बोल्ट आधी सोडवून बघा, मगच खालचा उघडा. गंजाने वरचा बोल्ट अडकला, तर खालून सगळं तेल निघून जातं आणि नवं भरायला वाटच उरत नाही.