मुझफ्फरपूर बालिकागृह प्रकरण

बिहारमधील मुझफ्फरपूर येथे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या बालिकागृहातील अल्पवयीन मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार आणि त्याविषयीचा खटला. २०१८ मध्ये ते उघडकीस आले.

बालिकागृह ‘सेवा संकल्प एवं विकास समिती’ ही स्वयंसेवी संस्था चालवत असे. तिचा कर्ताधर्ता ब्रजेश ठाकूर याचे स्वतःचे हिंदी दैनिक होते आणि सत्ताधाऱ्यांत त्याची ऊठबस होती. मुलींनी तक्रार करायची ती बालकल्याण समितीकडे किंवा जिल्हा बालसंरक्षण अधिकाऱ्याकडे. पुढे दोषी ठरलेल्यांत बालकल्याण समितीचा अध्यक्ष, तिचा एक सदस्य आणि हा अधिकारीही होता. बालिकागृहातील महिला कर्मचारीही दोषी ठरल्या. मुली गप्प का राहिल्या, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू आहे. ज्यांच्यापाशी बोलायचे तेच गुन्ह्यात सामील होते.

वाचा फुटली ती बाहेरच्या माणसांमुळे. राज्यातील निवारागृहांच्या सोशल ऑडिटचे (तिथला कारभार आणि राहणाऱ्यांची स्थिती तपासण्याचे) काम बिहार सरकारने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या (टिस) ‘कोशिश’ या प्रकल्पाला दिले होते. पथकाने ११० संस्था पाहिल्या. इमारत आणि नोंदवह्या तपासून ते थांबले नाही, तिथे राहणाऱ्यांशी बोलले. मुझफ्फरपूरच्या मुलींना मोकळी जागा नव्हती. त्या खोल्यांत कोंडलेल्या असत आणि जेवणापुरत्या बाहेर येत. त्यांनी मारहाण आणि लैंगिक अत्याचार सांगितले, पथकाने ते अहवालात लिहिले. लिहिणे सोपे नव्हते, कारण अहवाल मागवणारे आणि त्या संस्थेला पैसे देणारे सरकार एकच होते. १७ संस्थांबद्दल अहवालाने गंभीर चिंता व्यक्त केली होती.

३१ मे २०१८ रोजी गुन्हा नोंदवला गेला. वैद्यकीय तपासणीत ३० हून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचे निष्पन्न झाले. तपास सीबीआयकडे गेला आणि ऑगस्टमध्ये समाजकल्याण मंत्री मंजू वर्मा यांनी राजीनामा दिला. प्रसारमाध्यमे मुलींच्या मागे लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या मुलाखतींवर आणि धूसर केलेल्या छायाचित्रांवरही बंदी घातली. बाकीच्या संस्थांबाबत पोलिसांनी सौम्य कलमे लावली म्हणून न्यायालयाने बिहार सरकारला फटकारले आणि सर्व १७ संस्थांचा तपास सीबीआयकडे सोपवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये खटला दिल्लीच्या साकेत येथील पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) न्यायालयात हलवण्यात आला. मुलींच्या जबान्या हा त्याचा कणा होता. २० जानेवारी २०२० रोजी २० पैकी १९ आरोपी दोषी ठरले. ठाकूरला उर्वरित आयुष्यभर तुरुंगवासाची शिक्षा झाली.

पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे, न कळवल्यास शिक्षाही आहे. कळवणाऱ्याला संरक्षण देण्याची बाजू मात्र लंगडी आहे. लोकसेवकांचे गैरव्यवहार व गुन्हे उघड करणाऱ्यांसाठी २०१४ मध्ये संमत झालेला जागल्या संरक्षण कायदा निकालाच्या वेळीही अमलात आलेला नव्हता.