धूर गरम राहिला, तरच तो वर जातो

सोलापुरात कडक भाकरी अजूनही पुष्कळ घरी लाकडाच्या चुलीवरच होते. जुन्या माळवदाच्या घरात भिंतीतच विटांचं धुराडं असतं. त्याच्या तोंडाला पत्र्याची नवी बंद चूल जोडली की काम झालं, असं वाटतं. मग धूर उलटा घरात येऊ लागतो आणि बोल चुलीला लागतो. खोट बहुतेक वेळा धुराड्याच्या रुंदीत असते.

धुराडं धूर ओढतं ते आतली गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते म्हणून. मे महिन्यात बाहेर 42 अंश, आत धूर 150 अंश आणि उंची 5 मीटर धरली, तर ही ओढ सुमारे 13 पास्कल भरते. पाणी जेमतेम सव्वा मिलिमीटर उचलेल, एवढाच तिचा जोर. तोच धूर वाटेत 80 अंशांवर आला, तर साडेपाच पास्कलच उरतात. धुराडं रुंद असलं की नेमकं हेच होतं. 9 इंच चौरस धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ 81 चौरस इंच, 6 इंची गोल पाइपचं 28. रुंद वाटेत धूर तिपटीने संथ चालतो आणि थंड विटांना रेंगाळत घासत जातो. तापमान 120 अंशांच्या खाली उतरलं की त्यातली वाफ डांबरासारखी विटांवर बसते. चुन्याच्या सांध्यांतून ती पाझरते, तेव्हा गिलाव्यावर तपकिरी, उग्र वासाचे ओघळ दिसतात. असे ओघळ रंगाखाली झाकू नका. हा थर पेटला तर आग माळवदाच्या तुळयांपर्यंत पोचते. धुराड्याच्या विटांपासून लाकूड निदान 2 इंच लांब हवं.

उपाय म्हणजे जुन्या धुराड्यात स्टेनलेस स्टीलचा पाइप सोडणं. आधी पारव्यांची घरटी आणि काजळी काढा. मग खाली ओला पाला धुमसवा, वरचं तोंड ओल्या पोत्याने झाका आणि भिंत न्याहाळा. धूर जिथून फुटेल ती भेग आधी बुजवा.

पाइप चुलीच्या तोंडाएवढाच घ्यावा, कधीही अरुंद नाही. जोड देताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत बसवा. उलटं केलं तर डांबर सांध्यातून बाहेर गळतं, आणि ही चूक फार होते. तळाशी झाकणाचा टी-जोड (इंग्रजी T च्या आकाराचा तीन तोंडांचा जोड) हवा, साफसफाईसाठी. पीव्हीसी पाइप 80 अंशांच्या आसपासच मऊ पडतो, त्यामुळे त्याचा विचारही नको. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्त 200 अंशांपुढे टिकत नाही. जुना अॅस्बेस्टॉसचा पाइप असेल तर कापू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

पाइप आणि विटांमधल्या फटीत कोरडं, सुटं व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारे हलके खनिजाचे दाणे) भरा. 5 मीटर उंचीला सुमारे 170 लिटर लागतं. काँक्रीट नको, कारण 250 अंशांनी तापलेला 5 मीटरचा पाइप सुमारे 21 मिलिमीटर लांबतो. जखडला तर जोड उसवतात. म्हणून पाइप खाली पक्का टेकवावा आणि वरच्या पट्टीतून सरकता ठेवावा. पावसासाठी वर कॉलर आणि टोपी.

टोक माळवदाच्या किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली असेल, तर तिच्याहूनही 2 फूट वर न्यावं. नाहीतर वारा तिथे आपटून धूर खाली दाबतो.

चूल पेटल्यावर तिच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धुराची रेघ आत वळली पाहिजे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करून पुन्हा पाहा, कारण बंद खिडक्यांमागे हा पंखा धुराड्याची ओढ उलटवू शकतो. आत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तेव्हा खिडकी उघडी ठेवूनच भाकऱ्या थापाव्यात.

लाकूड सुकंच हवं. ओल्या बाभळीची उष्णता पाणी वाफवण्यातच जाते आणि धूर थंड पडतो. रोज चूल पेटत असेल, तर महिन्यातून एकदा टी-जोडाचं झाकण काढून पाइपमध्ये आरसा आणि बॅटरी धरून पाहा. काजळी 3 मिलिमीटर जाड झाली की ब्रश फिरवायचा.