लेट्यूसच्या बीला उजेड लागतो

बाल्कनीत लेट्यूस लावणाऱ्याची पहिली निराशा बहुधा बी पेरल्यावर आठवडाभरातच होते. माती ओली असते, बियाणे ताजे असते, तरीही काही उगवत नाही आणि दोष बियाण्याच्या पाकिटाला दिला जातो. बहुतेक वेळा बी खोल पुरलेले असते, नाहीतर माती तापलेली असते.

लेट्यूसचे बी इतके हलके असते, की एका ग्रॅममध्ये साधारण ८०० ते १००० बिया मावतात. एवढ्याशा बीमधला अन्नसाठा कोंबाला मातीच्या जाड थरातून वर येण्यास पुरत नाही. त्यामुळेच अनेक वाणांच्या बिया उजेडाचा संकेत मिळेपर्यंत रुजण्याचे नाव घेत नाहीत. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला, तेव्हा त्या रुजल्या. मात्र लगेच पाठोपाठ, दृश्य लाल रंगाच्या पलीकडचा, सुमारे ७३० नॅनोमीटर तरंगलांबीचा ‘दूरलाल’ प्रकाश टाकला, तर रुजणे थांबले. हे दोन प्रकाश अनेकदा आलटूनपालटून दिले, तरी शेवटी कोणता पडला यावरच निकाल ठरत असे. बीमधील ज्या रंगद्रव्यामुळे हे घडते, त्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले. पानांतील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि दूरलाल प्रकाश बराचसा पुढे जाऊ देते, त्यामुळे दाट झाडोऱ्याखाली पडलेल्या बीला आपल्या डोक्यावर सावली आहे हे रुजण्याआधीच कळते.

म्हणून बी ओल्या मातीवर पसरून बोटाने नुसते दाबावे आणि वर माती भुरभुरली न भुरभुरल्यासारखी टाकावी. रुजण्यासाठी १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. ३० अंशांच्या आसपास बऱ्याच वाणांच्या बिया ओल असूनही थांबून राहतात. पेरणी संध्याकाळी केली, तर बी पाणी शोषून घेते ते तास रात्रीच्या गारव्यात जातात.

कुंडी १५ सेंटीमीटर खोल असली तरी पुरते, पण उथळ कुंडीची एक अडचण आहे. ओला स्पंज आडवा धरावा, त्यातून पाणी ठिबकायचे थांबू द्यावे आणि मग तो उभा करावा. आणखी पाणी गळते. मातीचेही तसेच आहे. निचरा संपल्यावरही कुंडीच्या तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर उरतो आणि त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या जाडीवर ठरते. उथळ कुंडीत तोच थर मुळांची निम्मी जागा व्यापू शकतो. तळाशी खडे किंवा खापऱ्या घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नसल्यामुळे हा ओला थर खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. त्यापेक्षा सगळेच मिश्रण भुसभुशीत, भरड ठेवावे आणि कुंडीची भोके मोकळी राहतील एवढे पाहावे.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडून करपल्यासारख्या दिसू लागल्या, की माणसे खताकडे धावतात. हा कॅल्शियमच्या कमतरतेचा परिणाम असतो, मात्र मातीत कॅल्शियम पुरेसे असूनही तो दिसतो. कॅल्शियम जलवाहिन्यांमधून पाण्याबरोबर वर जाते आणि ज्या पानातून बाष्प जास्त उडते, तिकडे जास्त पोचते. बाहेरची पसरलेली पाने भरपूर बाष्प सोडतात. आतली मिटलेली पाने जवळजवळ नाहीच. तेव्हा पाणी एकसारखे द्यावे, हवा खेळती ठेवावी आणि गड्डा धरणाऱ्या वाणाऐवजी सुट्या पानांचे वाण निवडावे. बाल्कनीसाठी हे शेवटचे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण अशा वाणाची बाहेरची पाने तोडत गेले आणि मधला वाढीचा कोंब राखला, तर रोप पुन्हा पुन्हा पाने देते.

हे फार काळ चालत नाही. दिवस मोठे आणि उष्ण होऊ लागले, की रोप मधून उंच दांडा काढते आणि पाने कडू होतात. पान देठापाशी तोडून पाहावे: कापलेल्या जागी क्षणात पांढऱ्या चिकाचा थेंब उभा राहतो. लेट्यूसच्या लॅक्टुका या शास्त्रीय नावात लॅटिनमधील दुधाचाच शब्द आहे. या चिकात लॅक्टुसिनसारखी कडू द्रव्ये असतात आणि दांडा वाढताना ती पानांतही वाढतात. त्या अवस्थेत रोप सावलीत हलवून फारसे काही साधत नाही.

एखादे रोप मात्र तसेच राहू द्यावे. सूर्यफुलाच्याच कुळातले असल्यामुळे त्यावर बारीक पिवळी फुले येतात, सकाळी काही तासच उघडतात आणि बहुधा स्वपरागित होतात. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक बीला पांढरा पिसासारखा तुरा फुटतो. तो दिसताच फुलोऱ्यावर कागदी पिशवी बांधावी, नाहीतर वारा बिया घेऊन जातो.