तांदळाची खीर

दुधात तांदूळ मंद आचेवर शिजवून व आटवून केलेले गोड पक्वान्न. संस्कृतातील ‘क्षीर’, म्हणजे दूध, या शब्दापासून ‘खीर’ हा शब्द आला असल्याने नावातला मान दुधाचा आहे. मात्र चांगल्या खिरीचा सायीसारखा दाट पोत दुधाइतकाच तांदळातून सुटणाऱ्या स्टार्चवर अवलंबून असतो. नागपूरच्या मराठी घरांत गव्हाची, शेवयांची आणि दुधीचीही खीर होत असल्यामुळे ‘खीर केली’ एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. कशाची, हे सांगावे लागते.

नागपूरच्या पूर्वेकडे व दक्षिणेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धानाचा पट्टा पसरलेला आहे. सुवासिक चिन्नोर आणि बारीक दाण्याचा एचएमटी हे तांदूळ शहरात सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांपैकी एचएमटी हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे (मृत्यू २०१८) यांनी आपल्या शेतात लोंब्या निवडून तयार केले आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला मिळाले. भातासाठी तांदूळ घेताना दाणा अखंड असावा आणि शिजल्यावर मोकळा व्हावा, अशी अपेक्षा असते. खिरीचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. दाणा तुटला पाहिजे, काठाने विरघळला पाहिजे, म्हणूनच भातासाठी कमी प्रतीची मानली जाणारी कणकी, म्हणजे तुटलेला तांदूळ, येथे अखंड तांदळापेक्षा सरस ठरते. सुवासिक तांदळाची कणकी मिळाली, तर महागडा अख्खा तांदूळ घेण्याचे कारण उरत नाही.

एक लिटर दुधाला पन्नास ते साठ ग्रॅम तांदूळ पुरेसा होतो. गंजात, म्हणजे पातेल्यात, पडताना हे प्रमाण फारच थोडे वाटते आणि पहिल्यांदा खीर करणारा हमखास मूठभर जास्त टाकतो. ती खीर दुसऱ्या दिवशी वडीसारखी कापावी लागते. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा, निथळून तळहातांत चुरडावा आणि चमचाभर साजूक तुपावर वास सुटेपर्यंतच परतावा. परतणे लांबले की दाणा कडक होतो आणि त्यातला स्टार्च दुधात उतरायला वेळ घेतो.

दूध म्हशीचे, न पातळ केलेले घ्यावे. गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते चार टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात तो सहा-सात टक्क्यांपर्यंत जातो. तलवारीसारख्या लांब शिंगांची ‘नागपुरी’ म्हैस ही याच प्रदेशाची मान्यताप्राप्त जात आहे. जाड बुडाच्या गंजात आधी थोडे पाणी फिरवून घेतले, तर दूध चटकन लागत नाही. उकळी आल्यावर आच मंद करून तांदूळ घालावा. साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअस तापमानात तांदळातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांतले काही फुटतात आणि दूध दाट होऊ लागते. याच वेळी दुधातील प्रथिने तळाशी बसून करपण्याचा धोका असल्यामुळे ढवळताना पळी तळाला टेकली पाहिजे. कडेला जमणारी साय खरवडून पुन्हा दुधात मिसळत राहावी. मलईदारपणाचा मोठा वाटा या कंटाळवाण्या कामाचा आहे. एकाच दिशेने ढवळावे, असा दंडक काही घरांत पाळला जातो, परंतु दिशेपेक्षा तळ गाठणे महत्त्वाचे. पाऊण तासात लिटरभर दुधाचे सुमारे तीन चतुर्थांश उरते. दूध लागलेच, तर तळ न खरवडता वरची खीर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी. मिल्क पावडर किंवा खवा घालून वेळ वाचतो हे खरे, पण त्याने येणारा दाटपणा जिभेला पिठूळ लागतो.

साखर शेवटी घालावी, कारण ती पाणी धरून ठेवते व दाणा शिजू देत नाही. तांदूळ बोटांत सहज चिरडला गेल्यावर ऐंशी ते शंभर ग्रॅम साखर घालताच खीर पुन्हा सैल होते, म्हणून आणखी पाच-सात मिनिटे आच द्यावी. गूळ घालायचा असल्यास खीर कोमट झाल्यावरच घालावा. त्यातील आंबटपणाने गरम दूध फाटते. वेलची, जायफळ आणि विदर्भातील जंगलांत होणाऱ्या चार या झाडाच्या बियांतील गर, म्हणजे चारोळी, एवढा मसाला पुरे. संत्र्याच्या हंगामात सालपट व बिया काढलेल्या फोडींचा गर खिरीत घालतात, पण तो खीर पूर्ण गार झाल्यावर, वाढण्याच्या थोडे आधी.

भाद्रपदातील पितृपक्षात श्राद्धाच्या पानावर वड्यांसोबत तांदळाची खीर असते. कोजागरीला मराठी घरांत दूध आटवतात, तर हिंदी भाषक कुटुंबे त्याच पौर्णिमेला खीर चांदण्यात ठेवतात. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात दोन्ही रीती शेजारी नांदतात. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बोधीप्राप्तीपूर्वी सुजाताने गौतमाला खीर दिली, या परंपरेच्या स्मरणार्थ वैशाख पौर्णिमेला वस्त्यावस्त्यांत खीरदान होते. मोठ्या पातेल्यांत रटरटणारी ही खीर घरच्यापेक्षा पातळ ठेवतात, कारण थंड होताना स्टार्च घट्ट होत जातो आणि गच्च झालेली खीर ओगराळ्याने भराभर वाढता येत नाही.

वैशाखातच नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने उरलेली खीर बाहेर ठेवू नये. गंज परातीतल्या गार पाण्यात ठेवून ती निववावी आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये न्यावी. दुसऱ्या दिवशी घट्ट वाटली, तर कोमट दूध घालून सैल करता येते.