लेहला उतरताच हिमोग्लोबिन का वाढतं?

रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरच्या आसपास असतो. विमानाने लेहला, सुमारे 3500 मीटरवर उतरलं की तो दोन-तृतीयांशावर येतो. हवेतला ऑक्सिजन तोच, 21 टक्के. पण दाब कमी, म्हणून रक्तात कमी शिरतो. घरी बोटावरच्या ऑक्सिमीटरवर 98 दिसणारा आकडा तिथे पहिल्या दिवशी 85-90 वर येऊ शकतो.

दोन दिवसांनी रक्त तपासलं, तर 14 चं हिमोग्लोबिन 15 च्या वर दिसू शकतं. रक्त वाढलं असं वाटतं, पण खरं तर पाणी घटलेलं असतं. हिशेब करून पाहा. 5 लिटर रक्तात तांबड्या पेशी सव्वादोन लिटर, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ द्रव पावणेतीन. उंचीवर लघवी जास्त होते, कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं. प्लाझ्मा 400 मिलिलिटर घटला, की तेवढंच हिमोग्लोबिन 4.6 लिटरमध्ये राहतं: आकडा 15.2. पेशी मात्र होत्या तेवढ्याच! किनाऱ्यावर घामाच्या धारा लागल्या की आपण पाणी पितो. लेहला घाम अंगावर टिकतच नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं. पण तहान नसताना लिटरमागून लिटर पाणी प्यायल्याने विरळ हवेचा त्रास टळत नाही, उलट रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

खरी वाढ सावकाश होते. मूत्रपिंडं काही तासांतच एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडू लागतात. अस्थिमज्जेतून नव्या पेशी यायला काही दिवस आणि रक्तात ठळक भर पडायला काही आठवडे जातात. आठवड्याच्या सहलीत तुम्हाला सावरतो तो वाढलेला श्वास. म्हणून पहिले दोन दिवस लेहलाच विश्रांती घ्या, आणि पँगाँगचा मुक्काम (सुमारे 4250 मीटर) शेवटाकडे ठेवा. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन लावून खाली उतरवायलाच हवं.

निघण्याआधी दोन महिने हिमोग्लोबिन तपासून घ्या, बायकांनी तर नक्कीच. लोहाची कमतरता निघाली तर डॉक्टरांनी दिलेली गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नको. आठवडाभर आधी सुरू केलेल्या गोळ्यांनी फारसं काही साधत नाही.

परतल्यावर प्लाझ्मा पुन्हा भरतो आणि आकडा उतरतो. त्यासाठी टॉनिक लागत नाही.